परातीतली नागीण

कवडूनं परात डोक्याच्या वर उचलली आणि बोंब ठोकली, "निघाली! चंपतरावाची नागीण निघाली!"

नागपुरात कामठी रोडवर, जरीपटका वस्ती मागे टाकल्यावर, एका बंद पडलेल्या कारखान्याची पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं बसली होती. ती सगळी एकदम धडपडून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते पुढच्यांच्या खांद्यांवर रेलले. बायांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. परातीत राखेच्या थरावर ती नागीण वेटोळं घालून पडली होती. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, मातकट, बुळबुळीत, आणि अंगावर खवल्यांसारख्या वळ्या. एका म्हातारीनं तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं. दुसरीनं लाह्या उधळल्या. कोणीतरी नारळ फोडला आणि त्याचं पाणीही तिच्यावरच शिंपडलं.

आता ही नागीण आली कुठून ते सांगतो. लाजायचं कारण नाही, मी डॉक्टर आहे. शेडच्या मागे गोणपाट लावून एक खड्डा केला होता. अर्ध्या तासापूर्वी चंपतराव त्या खड्ड्यावर बसले होते. त्यांच्या पोटातून जे पडलं ते कवडू नावाच्या चेल्यानं चिमट्यानं उचललं, बादलीत विसळलं आणि परातीत मांडून आणलं. ज्या बाया शेजारणीचा हात लागला तर घागरभर पाणी ओतून देतात, त्या इथे रांग लावून एका हेडक्लार्कच्या शौचाला कुंकू लावत होत्या. महाल भागात माझा दवाखाना आहे आणि पुष्कळ वर्षं मी माणसांची पोटं दाबत आलो आहे. पण पोटातून निघालेल्या वस्तूची आरती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वारूळबाबा उंच पाटावर बसले होते. काळी दाढी, काळा झगा, गळ्यात कवड्या. हा गृहस्थ छिंदवाड्याकडून आला म्हणे. काही म्हणत हिमालयातून आला. दोन्ही ठिकाणच्या लोकांनी त्याला परत मागितलं नव्हतं.

"देखो भाइयो," बाबा सुरू झाले, "ये पेट की नागिन है. डॉक्टरच्या फोटोत दिसत नाही, मशीनले सापडत नाही. काहून? तिले फक्त वारूळ समजते! नाग कुठं राहते? वारुळात. म्हणून मी वारुळाच्या मातीचा लाडू देतो. माती पोटात गेली की नागिणीले घराची याद येते. घराची याद आली की ती निघते बाहेर, घर पाहाले. बोलो वारूळनाथ की..."

"जय!"

घराची आठवण आली म्हणून नागीण त्या वाटेनं बाहेर पडते, हे शास्त्र ऐकून माझ्या शेजारी उभे असलेले वकीलसाहेब मान डोलावत होते. कोर्टात हाच माणूस साक्षीदाराला उलटतपासणीत रडवतो.

"लाडू खाल्ला की पाणी नाही प्यायचं," बाबांनी बजावलं. "दोन घोट, बस. जास्त पाणी पिलं तर नागीण पोहत पोहत परत वर जाते. समझे?"

सगळ्यांना समजलं. न समजायला होतं काय?

मग बाबांनी आवाज खाली आणला. "चंपतराव, नागीण निघाली. पण ती आली काहून? नागपंचमीले तुमच्या घरात काही चिरलं होतं का? तवा ठेवला होता? काही खणलं होतं?"

आपल्याकडे नागपंचमीला विळी-सुरी चालवत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत, जमीन खणत नाहीत. निदान तसं सांगतात. प्रत्यक्षात सणाच्या गडबडीत कोणीतरी कांदा चिरतंच, कोणीतरी पोळी भाजतंच. हा प्रश्न नागपुरातल्या कुठल्याही घराला विचारा, गुन्हेगार सापडणारच. बाबा अंतर्ज्ञानी नव्हते. ते फक्त असा प्रश्न विचारत होते जो कधी फुकट जात नाही.

चंपतरावांची बायको जिजाबाई हिनं मान वळवून सुनेकडे पाहिलं. सून शामला खांबाला टेकून उभी होती. तिच्याकडे आधी तिची सासू पाहायला लागली, मग तिचा नवरा रुपराव, मग पहिली रांग, मग सगळी शेड.

"चवळीची पालेभाजी चिरली होती तिनं," जिजाबाई म्हणाली. "मी नाही म्हणत होती. ऐकलंच नाही."

"बस!" बाबांनी डोळे मिटले. "त्या हातानं नागाच्या दिवशी वार केला. एक नागीण निघाली, पण अंडी आत हायेत. तो हात घरात हाये तोवर अंडी फुटत राहतील. चंपतराव, दुसरा लाडू घ्या. आणि त्या हाताचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी तिथे का गेलो होतो, तेही सांगायला हवं. चंपतराव माझे पेशंट होते, आणि ते या बाबाकडे जातात हे कानावर आलं होतं. मूळचे कुहीकडचे, भाऊ तिकडे धान पिकवतो, हे एका सरकारी कचेरीत. त्यांचं पोट म्हणजे अख्ख्या घराचा विषय होता. चार दिवस काही नाही, पाचव्या दिवशी कळा येऊन जुलाब, मग पुन्हा चार दिवस काही नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. साहेबानं बोलावलं की कळ यायची, पाहुणे आले की कळ यायची, मॅच ऐकताना भारताची विकेट पडली तरी कळ यायची. हा माणूस सकाळी उठल्या उठल्या सगळ्या घराला गप्प बसवून संडासात जायचा, तासाभरानं बाहेर यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरून घरातल्यांना दिवस कसा जाणार ते कळायचं.

मी त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. गाठ नाही, व्रण नाही, जंत नाहीत. आतडं धडधाकट होतं, पण चिडकं झालं होतं. त्याला आणखी चिडवायचं काम चंपतराव स्वतः मन लावून करत होते. रात्री जमालगोट्याची गोळी, सकाळी उपाशीपोटी तंबाखू, दुपारी डब्यासोबत तिखटाचा ठेचा, आणि दिवसभरात पाणी म्हणाल तर चहातलं.

मी त्यांना लिहून दिलं. जमालगोटा बंद. जेवणाआधी कळ थांबवणारी एक गोळी. रात्री इसबगोल, पेलाभर पाण्यात कालवून, आणि वरून आणखी एक पेला पाणी. रोज पालेभाजी, ज्वारीची भाकर. सकाळी चहानंतर ठरल्या वेळी दहा मिनिटं बसायचं, जोर करायचा नाही, झालं तर झालं. कचेरीत पायी जायचं. महिना-दीड महिना धीर धरायचा.

चंपतरावांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भाजीची पिशवी आणायला सांगितली होती.

"इसबगोल? डॉक्टरसाहेब, हे तर आमची आजी देत होती."

"तुमची आजी शहाणी होती."

"पण एक झटक्यात साफ होईल असं काही नाही का? सुई-बिई?"

"नाही."

ते गेले. औषधाच्या नावानं त्यांनी काय केलं ते मला पुढे कळलं. गोळ्या चार दिवस घेतल्या, पाणी प्यायले नाहीत, आणि डॉक्टरला काही येत नाही असं कचेरीत सांगत सुटले. माझी चिठ्ठी त्या घरात फक्त एका माणसानं मनावर घेतली. शामलानं. ती रोज न चुकता पालेभाजी करत राहिली. नागपंचमीलासुद्धा केली, कारण डॉक्टरनं रोज सांगितलं होतं आणि सासऱ्याचं दुखणं काही सण पाहून थांबत नव्हतं.

म्हणजे त्या बाईचा गुन्हा माझ्या हस्ताक्षरात लिहिलेला होता. आणि तिला शिक्षा देणारा माणूस खड्ड्यावर राज्य करत होता.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी शामला दवाखान्यात आली. एकटीच आली. बाकावर बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू? भाजी चिरली तर मामाजीच्या पोटात साप होते का?"

मामाजी म्हणजे सासरे. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मले तर नाही वाटत. पण मले काय वाटते ते कोणी विचारत नाही." तिनं नाकावरचा घाम पुसला. "त्यायनं दुसरा लाडू खाल्ला. तवापासून काहीच नाही. पोट दगडावानी झालं. गडबडा लोळून राहिले. बाबाकडं गेले तर बाबा म्हणे, नागीण रुसून बसली, सून अजून घरातच हाये म्हणून. उद्या आरती झाली की मले माहेरी, कुहीच्या गाडीत बसवून देणार हायेत. कायमचं. आत्याबाईनं ट्रंक भरून ठेवली."

"रुपराव काय म्हणतो?"

"ते म्हणतात, सध्या आईचं मन राखू, मग पाहू." तिनं पदराचं टोक हातात धरलं. "माहेरी माझी लहान बहीण लग्नाची हाये, डॉक्टरसाहेब. सासऱ्याले साप खाऊ घालणाऱ्या बाईची बहीण कोण करंल?"

तिनं पदराची गाठ सोडली. आत बाबाचा लाडू होता. घरातल्या देवघरात आणखी एक ठेवलेला होता, तो तिनं आणला होता. मी तो हातात घेतला, फोडला, उजेडाकडे धरला. मातीचा बारीक चाळलेला भुगा होता, आणि त्या भुग्यात पांढुरके, हलके, चकाकणारे कण. अर्धा लाडू मी पेल्यात टाकला आणि वर थोडंसं पाणी ओतलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. लाडू फुगला. बघता बघता पेल्यात एक चिकट, रबरी गोळा तयार झाला. पेला उलटा केला तरी तो पडेना.

तो इसबगोल होता. दुसरं काही नव्हतं. मी चिठ्ठीत लिहिलेला, आजीच्या हातचा, चंपतरावांनी नाक मुरडून नाकारलेला इसबगोल! फरक एवढाच, की मी तो भरपूर पाण्यासोबत द्यायचा म्हटलं होतं आणि या चोरानं तो चिकणमातीत मळून, पाणी बंद करून दिला होता. भरपूर पाणी असेल तर इसबगोल आतडं सुरळीत करतो. पाणी तोडलं तर तोच आतड्यात बसून घट्ट होतो, मातीला धरून ठेवतो आणि आतड्याच्या आकाराचा दोर बनतो. नशीब असेल तर तो दोर बाहेर पडतो आणि परातीत जातो. नशीब नसेल तर आतच अडकतो, आणि मग माणूस सर्जनच्या टेबलावर जातो.

"चल," मी म्हटलं. पिशवीत एनिमाचं सामान टाकलं आणि रिक्षा केली.

चंपतराव खाटेवर कण्हत पडले होते. उलटी झाली नव्हती, वारा सरत होता, गोळा खालीच अडकला होता. थोडक्यात निभावलं. पुढची हकिकत फार सोज्वळ नाही, म्हणून एवढंच सांगतो, की हातमोजा, कोमट पाणी आणि पुष्कळ चिकाटी लागली. शेवटी गोळा बाहेर आला. तुकड्यातुकड्यांत आला, पण माल तोच. चंपतरावांनी डोळे उघडले आणि लहान मुलासारखे हसले. मी त्यांना समोर बसून लोटाभर पाणी प्यायला लावलं.

बाहेर ओसरीत जिजाबाई हात जोडून उभी होती. मला वाटलं, आता ही निदान 'बरं झालं तुम्ही आलात' एवढं म्हणेल.

"पाह्यलं का गा रुपराव!" ती मुलाला म्हणाली. "सुनेची ट्रंक भरली, अन् नागीण सुटली! बाबाचा शब्द खरा झाला!"

माझ्या कोपरापर्यंत अजून साबण लागलेला होता. मी हात धुवायला वळलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असल्या माणसांसमोर शब्द खर्च करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. यांना सांगून कळणार नव्हतं. दाखवावं लागणार होतं, आणि तेही सगळ्यांसमोर, त्यांच्याच बाबाच्या शेडमध्ये.

निघताना मी शामलाला विचारलं, "घरात चकलीचा सोऱ्या आहे का?"

"ट्रंकीतच हाये," ती म्हणाली. "माहेरून आणला होता. म्हणून तोही परत पाठवून राहिले."

रविवारी शेड पुन्हा भरली होती. चंपतरावांची मंडळी रिक्षातून ट्रंकेसकट आली. आरतीनंतर थेट बसस्टँड असा बेत होता. शामला ट्रंकेवर बसली होती. मी रांगेत उभा राहिलो आणि पाटापुढे पोचल्यावर चक्क हात जोडले.

"महाराज, मी डॉक्टर आहे. चंपतरावांना माझ्या औषधानं गुण आला नाही. प्रसाद द्या."

बाबा फुलले. फसवणाऱ्या माणसाला एकच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, शिकलेल्या माणसाचं वाकलेलं डोकं. "देखो, देखो!" ते गर्दीला ओरडले. "डॉक्टर लोक भी आने लगे! सगळे जवळ या, पाहा!" सगळे जवळ आले. मला तेच हवं होतं.

कवडूनं माझ्या हातावर लाडू ठेवला.

"एक शंका आहे, महाराज. आमच्याकडे नागपंचमी कडक पाळतात. माझ्या पोटात नागीण नसणार. मग या लाडवाचं काय होणार?"

"काही नाही, बेटा. निर्दोष पोटात वारुळाचा प्रसाद पाण्यासारखा विरघळून जाते. नागीण होते ती फक्त पाप्याच्या पोटात."

"सगळ्यांनी ऐकलं?" मी मागे वळून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी बाबांच्याच पुढ्यातला त्यांचा पितळी लोटा उचलला, त्यातलं बरंचसं पाणी ओतून दिलं, आणि लाडू फोडून आत टाकला. "मग विरघळू द्या."

बाबा पाटावरून अर्धे उठले. "प्रसादात पाणी नाही टाकायचं! नागीण परत जाते!"

"लोट्यातून कुठं परत जाईल, महाराज? वर तर आभाळ आहे."

मागे कोणीतरी हसलं. त्या शेडमध्ये हसण्याचा आवाज पहिल्यांदाच झाला असावा. मी लोटा हातात धरून ठेवला. तो घट्ट होईपर्यंत वेळ काढायचा होता, म्हणून गर्दीलाच विचारलं, "इथे किती जणांनी लाडू खाल्ला?" पुष्कळ हात वर झाले. "त्यातल्या कोणाच्या पोटातून नागीण निघाली नाही?" एकही हात वर आला नाही. "म्हणजे नागपुरात निर्दोष माणूस एकही उरला नाही. बरं, नागपंचमीला ज्यांच्या घरात काही चिरलं नाही, खणलं नाही, तवा ठेवला नाही, त्यांनी हात वर करा."

दोन-तीन हात वर गेले. त्यातला एक वकीलसाहेबांचा होता. त्यांच्या बायकोनं तो खाली ओढला.

"शामला," मी हाक मारली, "सोऱ्या काढ."

ती ट्रंकेवरून उठली. ट्रंक उघडून कपड्यांखालून पितळी सोऱ्या काढला. त्यात चांदणीच्या भोकाची चकती होतीच. लोट्यातला गोळा आता इतका घट्ट झाला होता, की मला तो बोटांनी खरवडून काढावा लागला. शामलानं तो सोऱ्यात भरला, झाकण लावलं आणि कवडूच्या हातातली परात सरळ काढून घेतली. कवडू पाहतच राहिला. मग तिनं दांडा फिरवला.

सोऱ्याच्या तोंडातून नागीण निघाली. मातकट, बुळबुळीत, अंगावर वळ्या. शामला हात फिरवत गेली आणि नागीण परातीत वेटोळं घालत गेली. पुढची रांग परातीवर वाकली.

"या लोट्यानं नागपंचमीला कोणती भाजी चिरली होती, महाराज?" मी विचारलं.

शेड हादरली. हसणं आणि ओरडणं एकत्र सुरू झालं. "ये डॉक्टर जादूटोना करते है!" बाबा किंचाळले, पण लोटा त्यांचा होता, लाडू त्यांचा होता, आणि सोऱ्या तर प्रत्येक घरात असतो. मी लाडवाचा उरलेला तुकडा सगळ्यांना दाखवला. "हा इसबगोल आहे. कुठल्याही दुकानात मिळतो. पाणी पाजलं तर पोट साफ करतो. पाणी तोडून मातीत कालवला तर असा दोर होतो. आतडं म्हणजे आपल्या पोटातला सोऱ्याच आहे. पाप्याच्या पोटात घाला, पुण्यवंताच्या पोटात घाला, चकली एकाच आकाराची पडणार. आणि पाणी तोडायचं ते नागीण पोहते म्हणून नाही. दोर तुटू नये म्हणून!"

दोघा-तिघांनी पाटामागचा पडदा ओढला. मागे इसबगोलाची पोती होती. कवडू तेवढ्यात खड्ड्याच्या बाजूनं पसार झाला. थोड्या वेळानं पाहिलं तर पाटही रिकामा होता.

आणि तरीही, सांगायला शरम वाटते, एका म्हातारीनं पुढे येऊन शामलानं गाळलेल्या त्या नागिणीवर कुंकू वाहिलं आणि नमस्कार केला.

"आजी, ही सोऱ्यातून निघाली," मी म्हटलं.

"असू दे बाप्पा," ती म्हणाली. "कोणातूनही निघो. नाग तो नाग."

जिजाबाईचा चेहरा पडला होता. ती सुनेजवळ आली. आवाजात अजूनही हुकूमच होता, पण जोर गेला होता. "चल वं घरी. झालं गेलं. ट्रंक घे गा रुपराव."

शामलानं सोऱ्या पदरानं पुसला, ट्रंकेत ठेवला, कडी लावली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "नागीण खोटी निघाली. पण तुम्ही तर खऱ्या होत्या ना? ही ट्रंक तुम्ही खरीच भरली ना? मामाजी खाटेवरून पाहत होते, खरंच पाहत होते ना? अन् हे," तिनं रुपरावाकडे नुसतं बोट केलं, "हेही खरेच होते." तिनं ट्रंक उचलली आणि बाहेर थांबलेल्या रिक्षाकडे वळली. "रिक्षावाल्या भाऊ, बसस्टँड."

ती गेली. मी अडवलं नाही. अडवायचा अधिकार त्या शेडमध्ये कोणालाच उरला नव्हता. रुपराव रिक्षामागे थोडा पळाला आणि मग, सवयीप्रमाणे, आई काय म्हणते ते पाहायला थांबला.

चंपतराव दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. जुनी चिठ्ठी हरवली होती, मी पुन्हा तीच लिहून दिली. या वेळी त्यांनी पाणी प्यायलं, जमालगोटा सोडला, गोळी वेळेवर घेतली, सकाळी निवांत बसायला शिकले. दिवाळीच्या आत पोट ताळ्यावर आलं. कळा कमी झाल्या, चेहरा उजळला. त्यात चमत्कार काही नव्हता. बहुतेक चिडक्या आतड्यांना एवढंच लागतं, डॉक्टरचा सल्ला, पाणी, पालेभाजी आणि थोडा धीर. पण असल्या सत्याला गर्दी जमत नाही.

बरे झाल्यावर ते पुन्हा आले आणि टेबलाची कड धरून उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, मी दोनदा कुहीले गेलो. ती पाणी देते, जेवू घालते, पण यायचं नाव काढत नाही. तिचा बाप तर बोलतच नाही. काही उपाय सांगा ना."

"त्याची चिठ्ठी माझ्याकडे नाही, चंपतराव."

वाचकहो, तुम्हाला एकच विनंती आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. जे पाप्याच्या बाबतीत होतं म्हणतात, ते निष्पाप माणसाच्या बाबतीतही होतं का? करून पाहा. लोटाभर पाणी पुरतं. आणि त्या चमत्काराचं बोट घरातल्या एखाद्या बाईकडे वळलं, तर समजून जा, की चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा कार्यक्रम सुरू झाला आहे. दुखणं पोटात असतं तेव्हा डॉक्टरकडे जा, सुनेकडे पाहू नका. बाबा लोक पळून जातात, त्यांना दुसरं शहर मिळतं. त्यांच्या सांगण्यावरून घराबाहेर काढलेलं माणूस परत आणायला मात्र तुम्हालाच जावं लागतं, आणि ते येईलच असं नाही.